विलीजच्या पोटातील घरघर

महिंद्रांनी १९४० च्या दशकात मुंबईत विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. त्याच घराण्यातील एक वृद्ध गाडी गतवर्षी रत्नागिरीस आमच्या अंगणात आली, आणि लो गिअरमध्ये घाटी चढताना तिच्या पोटातून जी आर्त घरघर निघे, तिचा तपास करणे मला क्रमप्राप्त झाले.

गुन्हेगार निघाला ट्रान्स्फर केसमधील (पुढील-मागील चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीतील) मधला शाफ्ट: सुईसारख्या बेअरिंगांनी त्यावर चरे पाडले होते, म्हणून केवळ बेअरिंगे नव्हेत, शाफ्टही बदलणे प्राप्त होते.

तेलाकडेही लक्ष हवे: सील झिजल्यास ते ट्रान्स्फर केस व गिअरबॉक्स यांच्यामध्ये पाझरते, यास्तव दोहोंची पातळी स्वतंत्रपणे पाहावी, हा माझा दस्तूर.

केस उघडताना खाऱ्या हवेने गंजलेले बोल्ट मात्र तीन दिवस तेल पाजूनही तसूभर हलेनात!