चंद्रावर राहिलेला नायक

एखादा खेळ रद्द झाला म्हणून प्रौढ माणसांनी शोक करावा, हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘मेगा मॅन लेजंड्स’ या व्हिडिओ गेमची हकीकत ऐकली म्हणजे हसू ओसरते. याचा दुसरा भाग २००० साली निघाला. त्याच्या अखेरीस नायक पृथ्वीबाहेरच्या एलिझियममध्ये अडकून पडतो, आणि इकडे त्याच्या मैत्रिणी त्याला परत आणण्यासाठी यान बांधू लागतात. कथा तेथेच थांबली, ती दहा वर्षे!

२०१० साली तिसऱ्या भागाची घोषणा झाली. कंपनीने रसिकांना नुसते वाट पाहावयास लावले नाही. नव्या नायिकेचे रूप कसे असावे, याविषयी त्यांचा कौलही घेतला. त्याच वर्षी या मालिकेचे एक प्रमुख शिल्पकार केजी इनाफुने कंपनीतून बाहेर पडले. आणि १८ जुलै २०११ रोजी सारेच रद्द झाले. विक्रीसाठी योजलेला छोटा नमुना-खेळही निघाला नाही.

ज्याची पाने आपल्या मताने ठरली, ते पुस्तक वाचकाला केवळ विकत घेण्याची वस्तू कसे वाटेल? रसिकांचा संताप या आपलेपणातून उसळला. त्यातच, रसिकांचा सहभाग अपुरा पडला, असे उद्गार कंपनीच्या युरोपीय शाखेकडून निघाले. जखमेवर मीठच ते! मग एक लाख पाठीराखे जमविण्याची मोहीम सुरू झाली. तिची हाक होती: मला चंद्रावरून खाली आणा. तिसरा भाग मात्र अद्याप आलेला नाही.