पायाखालची जमीन ओळखताना

नवं घर घ्यायला निघालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट एरिया किती, पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळणार का, स्टेशन किती लांब. फरशी कुठल्या कंपनीची हेसुद्धा लोक विचारतात. पण ज्या मातीवर ही सात मजली इमारत उभी राहणार, ती माती कशी आहे, असं विचारणारं गिऱ्हाईक मला तरी आजवर भेटलेलं नाही. मंडळी, आज मी त्या मातीबद्दलच बोलणार आहे. तिची ताकद जमीन न खणता कशी कळते, याबद्दल.

ढोकळा शिजला की नाही हे पाहायला आपण त्यात सुरी खुपसतो. ती किती सहज आत जाते यावरून हाताला आतली गोष्ट कळते. अभियंते जमिनीत अशीच एक सुरी खुपसतात. तिला 'कोन पेनिट्रेशन टेस्ट' किंवा थोडक्यात सीपीटी म्हणतात. आपण तिला शंकू-चाचणी म्हणू.

ही चाचणी जन्मली नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशात, आणि ती दुसरीकडे जन्मणं कठीणच होतं. त्या देशाचा पश्चिम भाग म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची स्पंजासारखी माती, मऊ चिकणमाती आणि त्याखाली कुठेतरी भक्कम वाळू. ॲमस्टरडॅममध्ये ही वाळू साधारण बारा मीटरवर लागते. म्हणून ते शहर लाकडी खांबांवर उभं आहे. १६४८ मध्ये बांधकाम सुरू झालेला तिथला राजवाडा, मूळचं नगरभवन, १३,६५९ खांबांवर उभा आहे असं मानलं जातं. खांब किती लांब हवा हे त्या काळी कसं ठरवायचे? घणाचे घाव घालत राहायचं आणि खांब पुढे जाईनासा झाला की थांबायचं. अनुभवी मुकादमाचा हात हेच मोजमाप.

या भागात माती नुसती घर कलवून थांबत नाही. १३ सप्टेंबर १९१८ रोजी वेस्प या गावाजवळ, कालव्यावरच्या पुलाकडे चढत जाणारा रेल्वेचा भराव पावसाने भिजून खचला. गाडी त्यावरच होती. ४१ माणसं गेली. भराव डोळ्यांना धडधाकट दिसत होता, पण आत पाणी मुरून त्याची ताकद संपलेली होती. या अपघातानंतर तिथे मातीचा शास्त्र म्हणून विचार सुरू झाला, आणि १९३४ मध्ये डेल्फ्ट शहरात मृदा-यांत्रिकीची प्रयोगशाळा उभी राहिली.

त्याच सुमारास, १९३२ मध्ये, सरकारी बांधकाम खात्यातल्या बारेन्त्सेन नावाच्या अभियंत्याने एक अगदी साधं उपकरण वापरलं. गॅसचा साधा पाइप, त्याच्या आत सरकणारी पोलादी सळई आणि सळईच्या टोकाला शंकू. शंकूचा कोन ६० अंशांचा आणि त्याच्या तळाचं क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटर. म्हणजे जाडी साधारण लिंबाएवढी. हे सगळं हाताने जमिनीत दाबायचं, मग आतली सळई थोडी पुढे ढकलायची आणि त्यासाठी किती जोर लागला ते दाबमापकावर वाचायचं.

आता तुम्ही म्हणाल, नुसती पहार खुपसली असती तरी चाललं असतं, पाइप कशाला? गंमत तिथेच आहे. पहार खोल गेली की तिच्या चहूबाजूंनी माती तिला आवळून धरते. मग लागलेला जोर टोकाखालच्या मातीमुळे की बाजूच्या घर्षणामुळे, हे कळत नाही. पाइप हे घर्षण स्वतःच्या अंगावर घेतो आणि सळई फक्त टोकाचं सांगते. नव्वद वर्षांत यंत्रं पार बदलली, पण तो ६० अंशांचा, दहा चौरस सेंटिमीटरचा शंकू आजही प्रमाण मानला जातो.

यातली पुढची मोठी भर १९५३ मधली. बेगेमान या डच अभियंत्याने शंकूच्या मागे सदऱ्याच्या बाहीसारखी एक नळी बसवली आणि बाजूचं घर्षण वेगळं मोजलं. वाळू टोकाला जबरदस्त विरोध करते, पण त्या मानाने अंगाला चिकटत नाही. चिकणमातीचं उलट. टोकाला फारशी अडवत नाही, पण अंगाला चिकटते. त्यामुळे घर्षणाला टोकाच्या विरोधाने भागलं की येणाऱ्या आकड्यावरून खाली वाळू आहे की चिकणमाती, याचा अंदाज बांधता येतो. वाळूत हे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आत राहतं, चिकणमातीत ते तीन-चार टक्के किंवा त्याहून जास्त होतं. मातीचा कणही वर न आणता!

पुढे शंकूच्या पोटात विजेवर चालणारे मापक आले, आणि १९७०च्या दशकात पाण्याचा दाब मोजणारी सोयही झाली. ही सोय फार मोलाची आहे. चिकणमातीत शंकू घुसतो तेव्हा तिच्यातल्या पाण्याला पटकन वाट मिळत नाही, त्याचा दाब वाढतो. शंकू तिथेच थांबवून हा दाब किती वेळात उतरतो ते पाहिलं, की त्या मातीतून पाणी किती सावकाश निघेल आणि वर टाकलेला भराव किती काळ बसत राहील याचा हिशेब मांडता येतो. वेस्पच्या भरावात न दिसलेली गोष्ट म्हणजे हाच आतला पाण्याचा दाब.

आजची चाचणी बघायला मात्र कंटाळवाणी आहे. वीस टनांच्या आसपास वजनाचा ट्रक येऊन उभा राहतो. त्याच्या वजनाच्या आधाराने शंकू सेकंदाला दोन सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने खाली जातो. दर मीटरला नवा दांडा जोडायचा. हातोडा नाही, धक्का नाही, आवाज नाही. मऊ चिकणमातीत शंकूच्या टोकाला तीस-चाळीस किलोंचा जोर पुरतो, घट्ट वाळूत त्याच टोकाला दोन टनांहून जास्त लागतो. पडद्यावर एक नागमोडी रेघ उमटत जाते.

आपल्याकडे जास्त प्रचारात आहे ती दुसरी पद्धत. बोअर घ्यायचा, ६३.५ किलोंचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ते मोजायचं. पद्धत वाईट नाही, तिच्यात मातीचा नमुना हाती येतो. पण हे ठोके बहुधा दर दीड मीटरला घेतात. मधे दोन वितींचा लोण्यासारखा थर असला तर तो हातोड्याच्या तावडीतून निसटू शकतो. शंकू वाटेतल्या प्रत्येक थराची दखल घेतो.

शंकू मुळात छोटा खांबच असल्यामुळे त्याच्या आकड्यांवरून खऱ्या खांबाची ताकद काढता येते. पण सरळ गुणाकार करून चालत नाही. दह्याच्या वाटीवर पापड ठेवला आहे असं समजा. त्यावर आगकाडी टेकवली तर ती खुशाल उभी राहील. अंगठा दाबला तर पापड मोडून अंगठा दह्यात. लिंबाएवढ्या शंकूला जो वाळूचा थर भक्कम वाटतो, तोच अर्ध्या मीटर जाडीच्या खांबाला पापडासारखा असू शकतो. म्हणून डच पद्धतीत खांबाच्या टोकाखाली त्याच्या जाडीच्या चौपट आणि टोकावर आठपट अंतरातले आकडे विचारात घेतात, आणि त्यातल्या कमजोर थराला झुकतं माप देतात. माझ्या मते या सगळ्या शास्त्रातली सर्वांत शहाणी गोष्ट ही आहे.

मग ही चाचणी आपल्या गावात का दिसत नाही? कारण सोपं आहे. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत बहुतेक ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. तिथे शंकू जाणारच नाही, हट्ट केला तर तुटेल. गोटे असलेल्या भरावातही तेच. खडकाच्या प्रदेशात खड्डा खणून बघणंच योग्य. पण खाडीकाठी, बंदरात, मऊ गाळावर जिथे आता टोलेजंग इमारती उठताहेत, तिथे गोष्ट वेगळी. भारतीय मानकांतही ही चाचणी आहे.

२६ जानेवारी २००१च्या भूकंपात कच्छमधल्या कांडला बंदरातली २२ मीटर उंचीची कार्यालयाची इमारत कलली. तिच्याखाली प्रत्येकी १८ मीटर लांबीचे ३२ खांब होते. वरच्या दहा मीटर चिकणमातीतून ते खालच्या वाळूत टेकले होते. हादऱ्यात ती पाण्याने भरलेली वाळूच पातळ झाली आणि टेकण हरवलं. भूकंपात वाळू अशी दगा देईल का, हे ताडण्यासाठी आज शंकूचे आकडे जगभर वापरले जातात, आणि आपल्या भूकंपविषयक मानकाच्या २०१६च्या आवृत्तीतही तो मार्ग दिलेला आहे.

नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१८ पासून आणखी एक कायदा आला. सरकारी संस्थांनी केलेल्या अशा चाचण्यांचे आकडे राष्ट्रीय नोंदवहीत भरावेच लागतात, आणि ती नोंदवही कुणालाही बघता येते. घर घेणारा माणूस घरबसल्या आपल्या गल्लीखालच्या मातीची रेघ पाहू शकतो. आपल्याकडे माती-परीक्षणाचा अहवाल तयार होतो, आराखड्याला जोडला जातो आणि फायलीत जातो. पुढच्या वेळी बिल्डरच्या कार्यालयात गेलात तर फरशीचा नमुना जरूर पाहा, पण ती फाइलही मागा. त्यात बोअर किती घेतले, किती खोल घेतले आणि खांब कुठल्या थरात टेकवले आहेत, एवढं बघायला अभियंता असावं लागत नाही.