कोंडलेली घोरपड आणि तिचे कातडे

मुळशीच्या खोऱ्यात पाऊस लागला की एखादे वेळी घोरपड गोठ्यात शिरते. दयेपोटी कोणी तिला खोक्यात कोंडतो, अंडे घालतो. काही दिवसांनी पोटाखालच्या खवल्यांवर पाण्याचे फोड येतात, फुटून चिघळतात. आपण म्हणतो, रोग कोठून लागला?

स्युडोमोनस, एरोमोनस यांसारखे जंतू ओल्या मातीत व पाण्यात असतातच. निरोगी, कोरडे कातडे त्यांना आत शिरू देत नाही. खोक्याच्या ओल्या, घाणेरड्या तळाशी मात्र ते कातडे मऊ पडते. त्यात घोरपडीला आपल्यासारखी अंगची ऊब नाही. उन्हात अंग तापले तरच तिची प्रतिकारशक्ती नीट चालते. अंधारात ती गारठते, आणि जंतू रक्तात उतरले की दगावते. म्हणून औषध पशुवैद्याने द्यावे हे खरे, पण कोरडी जागा व ऊब नसेल तर त्याचाही गुण येत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड पकडणे व बाळगणे हा गुन्हाही आहे. तेव्हा आपण एवढेच करावे : धडधाकट असेल तर तिची वाट मोकळी ठेवावी, जखमी असेल तर वनखात्याला कळवावे. हात लागलाच तर साबणाने धुवावा. तिच्या विष्ठेतील साल्मोनेला माणसालाही बाधतो.