गुन्हा रजिस्टर नंबर मागून घ्या

समजा, रात्री साडेनऊला काशीमीरा नाक्यावर तुम्ही बसची वाट पाहत उभे आहात. मोटारसायकलवरून दोघं येतात, हातातला मोबाइल हिसकावतात आणि महामार्गाच्या गर्दीत दिसेनासे होतात. तुम्ही पोलीस ठाण्यात जाता, ठाणे अंमलदाराला सगळं सांगता, सही करता आणि एक कागद घेऊन घरी येता. सकाळी शेजारचे काका विचारतात, "तक्रार दिलीत ना?" तुम्ही म्हणता, "दिली."

पण कोणती? कागदावर 'मोबाइल गहाळ' असं लिहिलं असेल, तर पोलिसांच्या दफ्तरी चोरी झालेलीच नाही. 'एन.सी.' असेल, तर ती अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. वर 'प्रथम खबर' छापलेलं असेल आणि गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं., पडला असेल, तरच गुन्हा दाखल झाला. मोबाइल हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली दखलपात्र गुन्हा आहे. आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलं आहे.

हा फरक एका मोबाइलपुरता नाही. कुठल्याही नाक्यावरच्या दहा हिसकावण्या 'गहाळ' म्हणून लिहिल्या गेल्या, तर तो नाका कागदोपत्री सुरक्षित ठरतो. मग तिथे गस्त वाढवा, असं कुणी कुणाला आणि कशाच्या आधारावर म्हणायचं?

एफआयआर कशी वाचावी

एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं आता पीडितालाही तो हक्क दिला आहे. ती प्रत घडी घालून कपाटात ठेवू नका, तिथेच उभं राहून वाचा. घटना कधी घडली, ठाण्यात खबर कधी आली आणि स्टेशन डायरीत कितव्या नोंदीनं, किती वाजता ती चढली, या तिन्ही वेळा तिथे शेजारीशेजारी असतात. तुम्ही दहा वाजता पोहोचलात आणि खबर मिळाल्याची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची असेल, तर तिथल्या तिथे बोला. खाली 'विलंबाची कारणं' असा रकाना असतो. तो तुमच्या नावावर उशीर मांडतो आणि पुढे कोर्टात बचावाचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

ठाण्यात गुन्हा घेतलाच नाही, तर हकिकत लेखी स्वरूपात, टपालानं वरिष्ठांकडे पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा दाखल झाला असेल, तर तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं कलम १९३ नं पोलिसांवर बंधनकारक केलं आहे. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

चोवीस तासांत सर्वांसमोर

७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला: एफआयआर नोंदवल्यापासून चोवीस तासांत ती संकेतस्थळावर टाका. इंटरनेटची अडचण असलेल्या भागांसाठी ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढते. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांना सूट आहे आणि ती असायलाच हवी. पीडितेची ओळख झाकणं हा न्यायाचाच भाग आहे. मात्र एफआयआर न टाकण्याचा निर्णय किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर तारीख आणि पोलीस ठाणं निवडून प्रसिद्ध झालेल्या एफआयआर घरबसल्या पाहता येतात.

अटकेबाबतही असंच आहे. कोणाला, कोणत्या गुन्ह्यात अटक झाली, याची माहिती प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावावी, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयानं ठाण्याचं दार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायचं. हे कॅमेरे सामान्य माणसाइतकेच प्रामाणिक हवालदारालाही वाचवतात. खोटा आरोप झाला, तर त्याची बाजू तेच चित्रण मांडतं.

दहा रुपयांचा अर्ज

उरलेल्यासाठी माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, प्रश्न दीडशे शब्दांत मांडायचा. कारण सांगावं लागत नाही. उत्तर तीस दिवसांत. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. पोलिसांकडून हमखास येणारं उत्तर म्हणजे 'तपास चालू आहे, कलम ८(१)(ज)'. पण तपास चालू असणं एवढंच पुरेसं नाही. माहिती दिल्यानं तपासात नेमका अडथळा कसा येतो, हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं भगत सिंग प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून पहिलं अपील करायला कचरू नका.

मागायचं काय, हेही नेमकं हवं. 'सगळी फाइल द्या' म्हटलं की नकार सोपा होतो. त्यापेक्षा असं विचारा: गेल्या सहा महिन्यांत या ठाण्यात मोबाइलच्या किती चोऱ्या नोंदल्या, गहाळचे किती दाखले दिले, किती दोषारोपपत्रं कोर्टात गेली? यात कुणाचं नाव लागत नाही, कुणाचा तपास अडत नाही.

भिवंडीनं दिलेला धडा

'पोलीस मित्र', 'शांतता समिती', 'मोहल्ला समिती' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. त्यांचा सर्वात मोठा धडा आपल्याच ठाणे जिल्ह्यातला आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि बीटवरचे पोलीस एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. किरकोळ तंट्यांपासून पोलीस आणि माणसं एकमेकांना ओळखत होती, म्हणून अफवेच्या रात्री त्यांचा एकमेकांच्या शब्दावर विश्वास बसला.

१ ऑक्टोबर २०२० रोजी काशीमीरा ठाणे ग्रामीण पोलिसांकडून नव्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात आलं. ठाणे आणि पालघर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं हे आयुक्तालय रोज वाढणारी वस्ती सांभाळतं. अशा ठिकाणी, जिथे शेजारीच शेजाऱ्याला नवा, तिथे विश्वास ओळखीतून यायला वेळ लागतो. तोवर तो नोंदीतूनच यायला हवा. मीरा रोडच्या नयानगरात २१ जानेवारी २०२४ च्या रात्री तणाव उसळला, त्या आठवणीनं ही निकड आणखी जाणवते.

म्हणून समितीच्या बैठकीत सणाच्या बंदोबस्ताची चर्चा झाली की एक मागणी जोडा. मागच्या महिन्यात आपल्या बीटमध्ये किती गुन्हे दाखल झाले, किती तक्रारी एन.सी. झाल्या, किती गहाळ म्हणून लिहिल्या, हे एका पानावर वाचून दाखवा. नावं नकोत, आकडे पुरेत. हे पान दर महिन्याला वाचलं जाणार आहे हे माहीत असलेला अंमलदार 'गहाळ' लिहिण्याआधी थांबेल. आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस उठताना म्हणेल, "साहेब, तेवढा गु.र.नं. द्या."