स्वाक्षरी चौकटीत बसवण्यापूर्वी

तुमच्यापैकी पुष्कळांना स्वाक्षऱ्या गोळा करण्याचा नाद असेल. एखादा खेळाडू, लेखक किंवा शास्त्रज्ञ गावात आला, की वही पुढे करून त्याची सही मिळवायची आणि घरी आल्यावर ती सर्वांना दाखवायची, यात मोठी गंमत असते. मग मनात येते, की ही सही वहीत मिटून का ठेवायची? पान कापून काढावे, शेजारी त्या व्यक्तीचे छायाचित्र चिकटवावे, वर काच बसवावी आणि चौकट भिंतीवर टांगावी! विचार चांगला आहे. पण कात्री हातात घेण्यापूर्वी थोडे विज्ञान विचारात घ्या. नाहीतर काही वर्षांनी चौकट तेवढी उरेल आणि तिच्यातली सही दिसेनाशी झालेली असेल.

असे खरेच घडते का? अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे उदाहरण पाहा. १७७६ साली चर्मपत्रावर लिहिलेल्या या जाहीरनाम्यावर ५६ जणांनी सह्या केल्या. पुढे १८४१ पासून १८७६ पर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, तो वॉशिंग्टनमधील एका सरकारी इमारतीत लोकांना पाहण्यासाठी टांगून ठेवला होता. त्याच्या समोरच खिडकी होती! वारंवार झालेली हाताळणी आणि हा उजेड यांमुळे आज त्यावरील बहुतेक सह्या वाचता येत नाहीत.

उजेडाने शाई का उडते? शाईतील रंगाच्या रेणूंची रचना अशी असते, की ते प्रकाशातील काही विशिष्ट लांबीच्या लहरी शोषून घेतात. उरलेल्या लहरी आपल्या डोळ्यांपर्यंत येतात आणि आपल्याला रंग दिसतो. पण शोषलेल्या प्रकाशाबरोबर ऊर्जाही रेणूत शिरते. तिच्यामुळे रेणूतील एखादा बंध तुटला, की रचना बदलते आणि रंग नाहीसा होतो. अतिनील किरणांची ऊर्जा दृश्य प्रकाशापेक्षा जास्त असल्याने ते अधिक घातक ठरतात. स्केचपेन आणि साधे बॉलपेन यांच्या शायांत असे विरघळणारे रंग असतात, म्हणून त्या लवकर फिकट होतात. याउलट पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजेच कार्बन. त्याच्यावर उजेडाचा परिणाम होत नाही.

आता एक सोपे गणित करू. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. नाजूक कागदपत्रांसाठी संग्रहालयात साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात. भर दुपारच्या थेट उन्हाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते, म्हणून तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार करायचा. ५० लक्स उजेडात २,००० तास ठेवले, की गुणाकार १,००,००० होतो. म्हणजे संग्रहालयात रोज आठ तास याप्रमाणे २५० दिवसांत जेवढा प्रकाश कागदावर पडेल, तेवढा उन्हात एका तासात पडतो! शिवाय उन्हात अतिनील किरण असतात ते वेगळेच.

शाईप्रमाणे कागदालाही शत्रू आहेत. कागद सेल्युलोजच्या लांब रेणूसाखळ्यांचा बनलेला असतो. आम्ल आणि हवेतील ओलावा यांच्यामुळे या साखळ्या तुटतात आणि कागद ठिसूळ होतो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन शिल्लक असते, म्हणून तो उजेडात पिवळा पडतो. तुमचा कागद चांगला असला, तरी त्याच्या पाठीशी लावलेला साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड यांतील आम्ल हळूहळू त्यात उतरते.

आणि चिकटपट्टी? तिच्यातील चिकट पदार्थ कालांतराने पिवळा होतो, कागदात मुरतो आणि डाग पडतो. तो काढायला गेले, तर कागदच सोलला जातो. कागद प्लॅस्टिकच्या दोन थरांत घालून तापवून बंद केला, तर तो पुन्हा सुखरूप बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते. जुन्या वस्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ म्हणूनच एक नियम पाळतात: जे काही कराल, ते पुन्हा पूर्ववत करता आले पाहिजे.

कात्रीने केलेले काम तर कधीच पूर्ववत होत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली राष्ट्राध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्या भाषणासाठी केलेला एक मसुदा पुढे जॅरेड स्पार्क्स या इतिहासकाराच्या हाती आला. ते भाषण प्रत्यक्षात दिले गेलेच नव्हते. तेव्हा त्याला महत्त्व नाही असे समजून स्पार्क्स यांनी त्याचे तुकडे केले आणि वॉशिंग्टन यांच्या हस्ताक्षराचा नमुना मागणाऱ्यांना ते वाटून टाकले. आज अभ्यासकांना त्याचे विखुरलेले तुकडे जुळवत बसावे लागते. तुमच्या वहीतल्या पानावरची तारीख, गाव, शेजारचा संदेश हीसुद्धा माहितीच आहे. ती कापू नका. फिकट झालेली सही नव्या पेनाने गिरवूही नका. गिरवल्यावर ती त्या व्यक्तीची राहत नाही, तुमची होते!

मग चौकट करायचीच नाही का? अवश्य करा. सहीचे स्पष्ट छायाचित्र काढा, ते छापून घ्या आणि त्याला हवे तसे कापा, चिकटवा, सजवा. मूळ पान अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. कसर लागत नाही ना, हे अधूनमधून पाहा. मूळ पानच लावायचे असेल, तर ते चिकटवू नका. आम्लरहित कागदाचे त्रिकोणी कोपरे करून त्यांत पानाची टोके अडकवा. कागद काचेला टेकू नये म्हणून मध्ये जाड कागदाची पोकळ चौकट ठेवा, आणि ऊन येणार नाही अशी भिंत निवडा. भारताच्या संविधानाच्या मूळ प्रतीवर संविधान सभेच्या सदस्यांनी २४ जानेवारी १९५० रोजी सह्या केल्या. ती प्रत आज संसदेच्या ग्रंथालयात ऑक्सिजन नसलेल्या हवाबंद पेटीत जपून ठेवली आहे.

करून पाहा: एका कोऱ्या कागदावर पेन्सिल, बॉलपेन, स्केचपेन आणि शाईचे पेन यांनी एकेक आडवी रेघ ओढा. खाली वर्तमानपत्राच्या कागदाची एक पट्टी लावा. सर्व रेघांचा व पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने झाका आणि कागद उन्हाच्या खिडकीत ठेवा. दर आठवड्याला झाकलेला व उघडा भाग ताडून पाहा आणि फरकाची नोंद करा. महिन्याभराने कोणती रेघ सर्वांत जास्त फिकट झाली? पुढच्या वेळी स्वाक्षरी मागताना कोणते पेन पुढे करायचे, ते तुम्हीच ठरवाल.