मोजणाराच गिळतो तेव्हा

पेशीतलं कॅल्शियम मोजायला रंगद्रव्य आत सोडावं, तर ते रंगद्रव्यच कॅल्शियम धरून बसतं. मग पडद्यावर उमटतं ते पेशीचं वागणं की आपण घातलेल्या द्रव्याचं? या प्रश्नाने मला वर्षानुवर्षं जुन्या शोधनिबंधांच्या मागे लावलं आहे.

पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम एक मिलिमोलरच्या वर असतं. आत सुमारे 100 नॅनोमोलर, म्हणजे दहा हजारावा हिस्सा. पटलातली दारं उघडली की आयन आत घुसतात, स्नायू आखडतो, ग्रंथी स्रवते. पण आत शिरलेले बहुतेक आयन क्षणात प्रथिनांना चिकटतात. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमनेच हृदय धडधडत राहतं, हे उमगलेल्या सिडनी रिंगरची 1883 मधली गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र हॉजकिन आणि कीन्स यांचा 1957 चा निबंध जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी माकुलाच्या जाड चेतातंतूत किरणोत्सारी कॅल्शियम टोचलं. पोटॅशियम आत मोकळेपणी फिरतं, हे त्यांनी आधीच दाखवलं होतं. कॅल्शियम मात्र टोचल्या जागेवरून हलेचना. पेशीने ते धरून ठेवलं होतं. किती, हे कळायला आणखी पस्तीस वर्षं जावी लागली.

मधल्या काळात रॉजर त्सिएन यांनी 1980 मध्ये बाप्टा हा कॅल्शियम धरणारा रेणू घडवला आणि 1985 मध्ये सहकाऱ्यांसह फ्युरा-2 हे रंगद्रव्य जगापुढे ठेवलं. 340 आणि 380 नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची चमक तपासायची आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून मुक्त कॅल्शियम काढायचं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ते उचललं.

पण हिशेब करून पाहा. फ्युरा-2 चा विघटनांक, म्हणजे ज्या पातळीला त्याचे निम्मे रेणू कॅल्शियम धरतात ती, सुमारे 220 नॅनोमोलर. शांत पेशीत ते 100 मायक्रोमोलर भरलं, तर वाढलेल्या प्रत्येक मुक्त आयनामागे ते स्वतः दोनशेहून अधिक आयन धरतं; ही त्याची धारणशक्ती. एर्विन नेहर आणि जॉर्ज ऑगस्टीन यांनी 1992 मध्ये हाच दोष हाताशी धरला. बैलाच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या क्रोमॅफिन पेशीत पिपेटमधून फ्युरा झिरपत असताना ते पेशीला पुन्हापुन्हा उत्तेजित करत राहिले. रंगद्रव्य वाढेल तशी मुक्त कॅल्शियमची उसळी खुजी होत गेली. मग उसळीचा व्यस्तांक रंगद्रव्याच्या धारणशक्तीसमोर मांडायचा आणि सरळ रेषा शून्याच्याही मागे ताणायची: ती जिथे आडव्या अक्षाला भेटते, तिथे पेशीची स्वतःची धारणशक्ती वाचता येते. उत्तर आलं सुमारे 75. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या आमच्या शाहूपुरीच्या गूळपेठेत 76 रवे उतरावेत आणि 75 थेट वखारीत जाऊन एकच दुकानापुढे दिसावा, तसा हा व्यवहार आहे. या आकड्यांनी 100 मायक्रोमोलर फ्युरा घातलेल्या पेशीतली उसळी मूळच्या जेमतेम चौथाईवर येते.

हा आकडा प्रत्येक पेशीचा वेगळा असतो आणि खरा अर्थ तिथे आहे. उंदीरवर्गीय पिल्लांच्या लहान मेंदूतल्या पुर्किंये पेशींत 1996 मध्ये तो पंधराव्या दिवशी सुमारे 2000 निघाला. बर्नहार्ड केलर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूस्तंभात जीभ हलवणाऱ्या चेतापेशींत तो सुमारे 41 मोजला, डोळे हलवणाऱ्या पेशींत 264. स्टीफन हॉकिंग यांना झालेल्या एएलएस आजारात जिभेच्या पेशी लवकर मरतात, डोळ्यांच्या बराच काळ तगतात. कमी धारणशक्ती हेच मरणाचं कारण आहे, असं यातून सिद्ध होत नाही. पण कॅल्शियमचा लोंढा सोसण्याची ताकद कुणात किती, याचा माग यातून लागतो.

म्हणूनच रंगद्रव्य किती भरलं होतं हे न सांगता छापलेला कॅल्शियमचा आलेख मला अपुरा वाटतो. आपल्याकडच्या महाविद्यालयांत फ्युराची कृती शिकवताना नेहर-ऑगस्टीनची ती मागे ताणलेली रेषाही विद्यार्थ्यांकडून काढून घ्यायला हवी. मोजमापाने पेशीत केलेला बदल आधी मोजावा, मग पेशीबद्दल बोलावं.