उघडी पट्टी, बंद पेटी

अमेरिकेत जुनी पिक-अप ट्रक घरातल्या मुलाला हाताशी घेऊन नव्याने बांधण्याचा छंद अनेकांना असतो. बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षी परवाना मिळतो. म्हणजे ती चालवणारही बहुधा तोच.

1953 ते 1956 च्या फोर्ड एफ-100 ला पुढे पाट्यांवर बसवलेला अखंड आस असे. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. म्हणून दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलतील अशी रचना बसवतात. ती पेलणाऱ्या चासीच्या लांब पट्ट्या मात्र एका बाजूने उघड्या असतात. वाकण्याला त्या चांगला विरोध करतात, पिळाला अगदीच थोडा. आणि चासी पिळली की चाकांचे कोन बदलतात.

कागदाची नळी चिकटवून पिळून पाहा. मग ती लांबीच्या दिशेने कापून पुन्हा पिळा. सूत्राआधी मुलांना हेच दाखवावे, असे आम्हाला वाटते. 100 मि.मी. उंच, 50 मि.मी. रुंद व 3 मि.मी. जाड पट्टीची उघडी बाजू तितक्याच जाड पोलादाने बंद केली, तर वजन दीडपट होते. पिळाला होणारा विरोध सुमारे साडेपाचशे पट!

वेल्डिंग मात्र सलग करू नये. निवताना पोलाद आकुंचन पावते व पट्टी वाकते. थोडे थोडे, आलटून पालटून जोडावे आणि दर वेळी चासीचे दोन्ही कर्ण मुलाकडून मोजून घ्यावेत.